किंडरडाइकच्या पवनचक्क्या : खचत्या जमिनीवरील पाणी उपशाचे एक प्रकरण

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या पूर्वेस, सुमारे पंधरा किलोमीटरवर, लेक आणि नोर्ड या दोन नद्या जिथे एकत्र येतात तिथे किंडरडाइक हे गाव आहे. या गावाच्या शिवारात दोन समांतर कालव्यांच्या काठाने जुन्या पवनचक्क्या उभ्या असून त्यांची एकूण संख्या १९ आहे. १९९७ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. या चक्क्यांपैकी एकीनेही तिथे धान्य दळलेले नाही. 'चक्की' या शब्दामुळे मराठी वाचकाचा गैरसमज होण्याची शक्यता आहे, पण डच भाषेतही स्थिती फारशी वेगळी नाही. तिथे पाणी उपसण्यालाही दळण्याचेच क्रियापद लावतात, म्हणजे गिरणी पाणी 'दळते' असे म्हणतात.

या प्रकरणात तपासायचा मुद्दा नेमका आहे. पाणी उपसणारी पवनचक्की हॉलंडमध्ये १४०८ च्या सुमारास आल्कमार शहराजवळ चालू झाल्याचे सांगितले जाते. म्हणजे अठराव्या शतकात हे यंत्र तीनशे वर्षे जुने होते आणि किंडरडाइकच्या पाठीमागच्या शेतांमध्येही त्याचा वापर होतच होता. असे असताना १७३८ ते १७४० या अवघ्या दोन-तीन वर्षांत एकाच ठिकाणी आणखी १६ मोठ्या चक्क्या बांधण्याची वेळ का आली, हा पहिला प्रश्न. आणि त्या बांधून प्रश्न सुटला की पुढे ढकलला गेला, हा दुसरा. माझ्या मते या प्रकरणाचे सार दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

जमीन खाली कशी गेली

किंडरडाइक हे ज्या भूभागाचे टोक आहे त्याला आल्ब्लासरवार्ड म्हणतात. चहूबाजूंनी नद्यांनी वेढलेला हा सखल प्रदेश आहे. नदीकाठाला चिकणमातीचे पट्टे आणि मध्ये सगळीकडे पीट, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, अशी त्याची रचना आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत वसाहतकारांनी या दलदलीत समांतर चर खणून तिला शेतीखाली आणायला सुरुवात केली, तेव्हा पीटची पातळी नदीपेक्षा उंच होती. चर खणले की पाणी स्वतःच्या उताराने नदीत जात असे आणि जमिनीवर धान्य पिकत असे. त्या काळात पाणी उपसण्याचे कोणतेही यंत्र लागत नव्हते.

पीटचा गुणधर्म मात्र विचित्र आहे. तो पाण्याने भरलेला असतो तोवर फुगलेला आणि सुरक्षित राहतो. पाणी काढून घेतले की तो आधी आक्रसतो, आणि त्यानंतर त्याच्या पोकळ्यांत हवा शिरल्यामुळे त्यातील सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो अक्षरशः हवेत विरून जातो. म्हणून शेतकऱ्याने शेत कोरडे ठेवण्यासाठी चर जितका खोल केला, तितके शेत खाली बसले. शेत खाली बसले की चर पुन्हा उथळ ठरला आणि पुन्हा खणावा लागला. आजही तेथील पीटच्या कुरणांची जमीन वर्षाला काही मिलिमीटर ते एक सेंटिमीटर या वेगाने खचते. एका माणसाच्या आयुष्यात हे जेमतेम जाणवते. सात-आठशे वर्षांचा हिशेब केला की आल्ब्लासरवार्डचा बराच भाग आज समुद्रसपाटीपेक्षा एक ते दोन मीटर खाली का आहे, हे कळते.

पहिले दोन उपाय यंत्राविना केले गेले. जमीन खाली गेल्यावर नदीचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातले गेले, आणि हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने १२७७ साली या बांधांची देखरेख एका संयुक्त मंडळाकडे दिली. बांधात दरवाजे असत. ओहोटीला नदी खाली गेली की ते उघडत आणि भरतीला आपोआप मिटत. कोकणातील खारभूमीच्या बांधांना ज्या उघाड्या असतात, किंवा गोव्यातील खाजण शेतीत ज्याला मानस म्हणतात, त्यांचेही तत्त्व हेच आहे. दुसरा उपाय चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. वरच्या भागात नदीची पातळी उंच पडू लागल्याने प्रदेशातल्या दोन मंडळांनी लांबलचक कालवे खणून आपले पाणी पश्चिमेकडे, प्रवाहाच्या खालच्या बाजूस असलेल्या एल्सहाउट या कोपऱ्यात नेले. तिथे लेक नदीची ओहोटी जास्त खाली जात असे. आज ज्या दोन कालव्यांच्या काठी पर्यटक फिरतात ते मूळचे हेच कालवे होत.

त्यानंतर, १४२१ च्या नोव्हेंबरमध्ये, सेंट एलिझाबेथच्या नावाने ओळखला जाणारा महापूर आला. शेजारचा मोठा प्रदेश त्यात कायमचा बुडाला. पुरात वाहत आलेला पाळणा बांधाला लागला, त्यात बाळ होते आणि एक मांजर इकडून तिकडे उड्या मारून पाळण्याचा तोल सांभाळत होते, अशी दंतकथा 'किंडरडाइक' म्हणजे 'मुलांचा बांध' या नावामागे सांगितली जाते. कथा गोड आहे. तिच्यामुळे पाहुण्यांच्या मनात या जागेची ओळख पुराशी जोडली जाते, हे मात्र अडचणीचे आहे, कारण चक्क्यांचा संबंध पुराशी नाही. पूर बांध अडवतो. चक्क्यांचे काम दररोजचे आहे. बांधाच्या आत पडणारा पाऊस आणि जमिनीखालून झिरपणारे पाणी बाहेर टाकणे, एवढ्यासाठीच त्या आहेत.

एकदा उचलून भागेना

पंधराव्या शतकापासून आल्ब्लासरवार्डच्या निरनिराळ्या पोल्डरांनी, म्हणजे बांधबंदिस्त शेतखंडांनी, आपापल्या पवनचक्क्या उभारल्या. प्रत्येक चक्की आपल्या पोल्डरचे पाणी सामाईक कालव्यात उचलून टाकी आणि कालवा ते एल्सहाउटच्या दरवाजांतून नदीला देई. साठवणाच्या या कालव्याला डच भाषेत 'बूझेम' म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ ऊर असा होतो. नदी उंच असेल तेव्हा पाणी उराशी धरून ठेवायचे आणि नदी खाली गेली की सोडून द्यायचे, असा त्यातला भाव आहे.

या रचनेत दोन गोष्टी सतत बदलत होत्या आणि दोन्ही शेतकऱ्याच्या विरोधात होत्या. आत जमीन खाली चालली होती, त्यामुळे पोल्डरचे आणि त्यासोबत कालव्याचे पाणी खाली ठेवणे भाग होते. बाहेर नदी बांधांमध्ये कोंडली गेल्याने गाळ तिच्या पात्रातच साचून पात्र वर येत होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परिस्थिती अशी झाली की एल्सहाउटचे दरवाजे उघडता येतील असे तास फार थोडे उरले. हिवाळ्यात तर कालवा तुडुंब भरलेला आणि पोल्डरच्या चक्क्या वारा असूनही थांबवून ठेवलेल्या, असे होऊ लागले, कारण त्यांनी उपसलेले पाणी टाकायला जागाच नव्हती. अशा वेळी पोल्डरमध्ये आणखी चक्क्या बांधून काहीही साधले नसते; अडचण उपशाच्या क्षमतेची नव्हती, निचऱ्याच्या तोंडाशी होती.

त्यावर काढलेला तोडगा असा होता की पाणी दोनदा उचलावे. नदीच्या बांधालगत एक उंच पातळीचा साठा, म्हणजे 'वरचा बूझेम', तयार करावा, जुन्या कालव्याला 'खालचा बूझेम' समजावे आणि दोन्हींच्या मध्ये चक्क्यांची रांग उभी करावी. या चक्क्यांनी खालचे पाणी वरच्या साठ्यात टाकायचे, आणि वरच्या साठ्याची पातळी इतकी उंच ठेवायची की नदी थोडी जरी उतरली तरी दरवाजा उघडता यावा. यामुळे पाणी उचलण्याचे काम वारा असेल तेव्हा आणि पाणी सोडण्याचे काम ओहोटी असेल तेव्हा, अशी दोन कामे वेगळी झाली. वारा आणि ओहोटी एकाच वेळी येतील याची वाट पाहावी लागणे संपले. मला या प्रकरणातील सर्वांत हुशारीचा भाग हाच वाटतो, आणि छायाचित्रात तो दिसत नाही.

खालच्या भागाच्या, म्हणजे नेडरवार्डच्या मंडळाने १७३८ साली आठ चक्क्या बांधल्या. वरच्या भागाच्या, म्हणजे ओव्हरवार्डच्या मंडळाने १७४० साली आठ. नेडरवार्डच्या चक्क्या गोल आणि विटांच्या आहेत, तर ओव्हरवार्डच्या अष्टकोनी, लाकडी सांगाड्याच्या आणि गवताने शाकारलेल्या आहेत. दोन मंडळांचे पाणी वेगळे, कालवे वेगळे, हिशेब वेगळे आणि पातळ्याही वेगळ्या, म्हणून रांगाही दोन. आज जिची तारीफ सौंदर्य म्हणून होते ती समांतर मांडणी खरे तर एका प्रशासकीय सीमेचे चित्र आहे. याशिवाय नियू-लेकरलँडच्या पोल्डरच्या दोन चक्क्या आणि सतराव्या शतकातली ब्लोकवेर ही जुन्या घडणीची पोकळ खांबाची एक चक्की धरून बेरीज १९ होते. ब्लोकवेरची चक्की १९९७ साली जळाली आणि २००१ पर्यंत ती पुन्हा उभी करण्यात आली.

एका चक्कीचे काम

या चक्क्यांची पाती टोकापासून टोकापर्यंत सुमारे २८ ते ३० मीटर लांब आहेत आणि फिरताना त्यांचे टोक जमिनीपासून हातभर अंतरावरून जाते. प्रत्येक पात्याला लाकडी जाळी असते आणि तिच्यावर जहाजाच्या शिडासारखे कापड पसरतात. वारा मंद असेल तर पूर्ण शीड, जोराचा असेल तर गुंडाळलेले, आणि वादळात उघडी जाळी, असा अंदाज चालकाला रोज घ्यावा लागतो. इमारतीची टोपी तेवढी फिरते. टोपीच्या मागे एक शेपटीसारखी लाकडी चौकट जमिनीपर्यंत उतरलेली असते, आणि खालच्या चाकावर साखळी गुंडाळत चालक ती चौकट ओढून पात्यांचे तोंड वाऱ्याकडे करतो. पाती इतकी खाली येत असल्याने या चक्क्यांना समोरासमोर दोन दारे ठेवलेली असतात; वारा कोणत्याही दिशेचा असला तरी एक दार पात्यांपासून मोकळे राहावे, हा हेतू. चालकाचे कुटुंब आतच राहत असल्यामुळे ही सोय जिवाची होती. लहान मुलांना पात्यांजवळ जाऊ न देणे हा प्रत्येक घरातला पहिला नियम होता.

आत पात्यांच्या आडव्या आसावर एक मोठे दातेरी चाक असते. त्याच चाकाभोवती लाकडी तुकड्यांचा ब्रेक आवळतात. ते चाक मध्यभागी वरून खाली आलेल्या उभ्या आसाला फिरवते आणि तळाशी दुसरी दातेरी जोडी ती गती पुन्हा आडवी करून पाण्याच्या चाकाला देते. पाण्याचे हे चाक आपल्या रहाटासारखे नाही. रहाट गाडग्यांत पाणी भरून वर नेतो; इथे चाकाच्या परिघावर तिरप्या फळ्या असतात आणि चाक एका अरुंद, घट्ट भिंतींच्या चरात फिरत असल्याने त्या फळ्या पाण्याला ढकलत वरच्या पातळीवर लोटतात. चरापुढे एक दार असते. चाक पाणी ढकलत असते तोवर त्या पाण्याच्या जोरानेच ते उघडे राहते, आणि चक्की थांबली की वरचे पाणी उलट येऊ पाहते व त्याच्याच दाबाने दार मिटते. त्याला हात लावावा लागत नाही.

या चाकाची मर्यादा उंचीची आहे. ते पाण्याचा मोठा लोंढा हलवू शकते, पण साधारण दीड मीटरपेक्षा जास्त उचलायला लावले तर फळ्यांमधून गळती वाढते आणि कष्ट वाया जातात. किंडरडाइकचे काम या मर्यादेच्या आतले होते आणि म्हणूनच एकेका मंडळाला एकच टप्पा पुरला. उत्तर हॉलंडमध्ये सतराव्या शतकात आटवलेल्या खोल तळ्यांत हीच अडचण सोडवण्यासाठी तीन-तीन चक्क्या पायऱ्यांसारख्या एकामागे एक लावाव्या लागल्या.

हिशेब मांडून पाहिला की आठ-आठ चक्क्या का, तेही उमगते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. हजार हेक्टरांवर दहा मिलिमीटर पडला आणि सगळा चरांत उतरला, तर एक लाख घनमीटर झाले. चांगल्या वाऱ्यात एक चक्की मिनिटाला पन्नास घनमीटर टाकते असे धरले, तरी तिला हे एकटीने करायला तेहतीस तासांहून अधिक वेळ लागेल, आणि वारा सलग तेहतीस तास टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. नेदरलँड्सचा वार्षिक पाऊस आठशे मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण तो बारा महिने विभागून पडतो आणि हिवाळ्यात बाष्पीभवन जवळजवळ नसते, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा तिथला खरा कसोटीचा काळ.

चालक, मंडळ आणि खर्च

चक्कीचालकाचे वेळापत्रक घड्याळावर चालत नसे. वारा मध्यरात्री सुटला तर मध्यरात्री शीड चढवायचे. पगार तुटपुंजा असे. भाजीचा तुकडा, एखादे जनावर आणि कालव्यातली वाम मासळी यांवर घर चाले. त्याला मनाला येईल तेव्हा उपसताही येत नसे, कारण वरच्या साठ्याची कमाल पातळी ठरलेली होती. हॉलंडमधील अशा व्यवस्थांत पातळी गाठली की ठरलेल्या चक्कीवरून दिवसा निशाण आणि रात्री कंदील दाखवत आणि सर्वांनी थांबायचे असे. यातील नियम कडक असण्याचे कारण उघड आहे. एकाने जास्त पाणी टाकले तर बांधावरचा ताण सगळ्यांच्या डोक्यावर येतो.

खर्चाची तत्त्वेही तितकीच रोखठोक होती. ज्याची जमीन बांधाच्या आत आहे त्याने जमिनीच्या प्रमाणात भार उचलायचा. जुन्या कायद्यात बांधाचा आपल्या वाट्याचा भाग न सांभाळणाऱ्याला जमीन सोडावी लागे. 'ज्याला बांध घालायचा नाही त्याने निघून जावे' ही म्हणच तिथे आहे. वाट्याला आलेल्या बांधात फावडे रोवून शेतकरी निघून गेला, तर ते फावडे उपटणाऱ्याकडे जमीन आणि जबाबदारी दोन्ही जात. गोव्यातल्या गांवकारीने खाजणाचे बांध आणि मानस सामूहिक खर्चाने सांभाळले, कोकणात बाहेरकाठ्यांसाठी, म्हणजे खाडीकडच्या बाहेरच्या बांधांसाठी, शेतकरी एकत्र येत. पाण्याशी झुंजणाऱ्या समाजांना अशी सक्तीची भागीदारी टाळता आलेली दिसत नाही. तरीही कोकणात किंवा गोव्यात पवनचक्कीची गरज पडली नाही, आणि त्याचे कारण हवामानापेक्षा जमिनीत आहे. आपली खारभूमी गाळाची आहे, पीटची नाही, त्यामुळे ती तशी खचत नाही. शिवाय मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांपुढे जातो, म्हणून ओहोटीला उघाडी आपले काम करून जाते.

वाफ, वीज आणि आजची स्थिती

१८६८ साली किंडरडाइकला वाफेवरचे उपसा केंद्र सुरू झाले आणि वाऱ्यावरचे अवलंबन कमी होऊ लागले. देशपातळीवर हा बदल आधीच ठरून गेला होता. हार्लेमच्या दक्षिणेकडचे प्रचंड तळे १६० पवनचक्क्यांनी आटवावे असा आराखडा डच अभियंते लेखवाटर यांनी १६४१ साली मांडला होता. प्रत्यक्षात ते १८४९ ते १८५२ या काळात अवघ्या तीन वाफेच्या केंद्रांनी आटवले. किंडरडाइकच्या वाफेच्या केंद्रांपैकी व्हिस्बोम हे केंद्र १९२४ मध्ये विजेवर गेले. दुसऱ्या महायुद्धात इंधन आणि वीज मिळेनाशी झाल्यावर जुन्या चक्क्या पुन्हा कामाला लागल्या, हे त्यांच्या उपयुक्ततेचे शेवटचे मोठे पर्व. १९५० च्या सुमारास नियमित उपसा थांबला. १९७२ साली मोठ्या आर्किमिडीज स्क्रूंचे नवे केंद्र आले. महाकाय मळसूत्रांसारखे हे स्क्रू चक्क्यांच्या शेजारी आजही पाणी वर चढवतात, आणि पर्यटक त्यांच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढतात.

चक्क्या मात्र निव्वळ सांगाडे झालेल्या नाहीत. बहुतेकांत कुटुंबे राहतात आणि त्या फिरत्या ठेवणे हे राहणाऱ्यांचे कर्तव्य असते. २०१७ साली युनेस्कोने पवनचक्की आणि पाणचक्की चालवण्याच्या डच कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पाती कोणत्या कोनात थांबवली यावरून संदेश देण्याची प्रथाही टिकून आहे. वरचे पाते उभ्या रेषेच्या थोडे अलीकडे थांबवले तर आनंदाची वार्ता. रेषा ओलांडून थोडे पलीकडे थांबवले तर शोकाची.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. १७४० ची योजना यशस्वी झाली का? दीडशे-दोनशे वर्षे शेती टिकली, गवत वाढले, गाई चरल्या, चीज बाजारात गेले. त्या अर्थाने होय. पण ज्या कारणासाठी ती करावी लागली त्या कारणाला तिने हात लावला नाही, उलट बळ दिले. पाणी अधिक खात्रीने काढता येऊ लागल्याने पीट अधिक खात्रीने कोरडा राहिला आणि खचतच गेला. उताराने वाहणे, दरवाजा, लांब कालवा, पोल्डरची चक्की, दुसरा टप्पा, वाफ, वीज, स्क्रू असा क्रम लावला तर त्यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या यशाने निर्माण केलेली गरज भागवते. पवनचक्कीला 'पाण्यावर विजय' म्हणणाऱ्या माहितीफलकांशी मी म्हणूनच सहमत होत नाही; ती एका वाढत्या कर्जाचा फार सुबकपणे फेडलेला हप्ता होती.

हे कर्ज अजून चालू आहे. चरांतल्या पाण्याची पातळी किती असावी हे तिथले जलमंडळ अधिकृत ठरावाने जाहीर करते, आणि जमीन खचली की काही वर्षांनी तो ठराव सुधारून पातळी तितकीच खाली आणण्याची पद्धत आहे. पीटच्या ऑक्सिडीकरणातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो म्हणून आता अनेक भागांत पातळी खाली नेणे थांबवावे, किंबहुना ती वर आणावी, असा आग्रह धरला जात आहे. पातळी वर आणली तर वसंतात कुरण ओले राहते आणि ट्रॅक्टर रुततो, त्यामुळे दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे; काही ठिकाणी मधला मार्ग म्हणून कुरणाखाली छिद्रांच्या नळ्या पुरून उन्हाळ्यात चराचे पाणी उलट पीटमध्ये मुरवण्याचे प्रयोग चालू आहेत.